मागे राहिलेल्यांची साक्ष

सप्टेंबर महिन्याची १७ तारीख उजाडली की आमच्या बीड जिल्ह्यात शाळाशाळांतून झेंडावंदन होते. आम्ही अडतीस वर्षे शिक्षकाचा पेशा केला, आणि त्या दिवशी मुलांपुढे चार शब्द बोलण्याचे काम बहुधा आमच्याचकडे येत असे. हैदराबाद संस्थान म्हणजे काय, रझाकार कोण, स्वामी रामानंद तीर्थ कोण, १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा संस्थानात कशा शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने हार कशी पत्करली, हे सारे आम्ही क्रमवार सांगत असू. मुले टाळ्या वाजवीत, खाऊ वाटला जाई, आणि आम्ही समाधानाने घरी परतत असू. परंतु आमची आजी हयात होती तोवर ओसरीवर पाऊल टाकताच तिचा एक प्रश्न ठरलेला असे: "अत्तारांचं नाव घेतलंस का रे आज?"

आम्ही काही तरी पुटपुटून पाय धुवावयास मागील दारी जात असू. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांस फार वर्षे लागली. ते उत्तर, जसे सुचले तसे, आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम त्या काळाची थोडी उजळणी केली पाहिजे. हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते, आणि त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी मुलखाचे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी इतरत्र लोकांनी तिरंगा उभारला तेव्हा आमच्या मोगलाईत तो उभारणे हा गुन्हा होता. ज्यांनी पूर्वी आमच्या अंबेजोगाईस योगेश्वरी विद्यालयात मुलांस शिकविले होते, त्या स्वामीजींस त्याच दिवशी अटक झाली. तथापि गावोगावच्या माणसांनी झेंडे लावलेच. ही माणसे कोणाच्या बळावर उभी राहिली? त्यांच्यापाशी ना तोफ ना तलवार. पलीकडे आपले सरकार आहे आणि ते आपल्यास टाकणार नाही, एवढाच त्यांचा आधार होता.

पुढे २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हिंदुस्थान सरकार व निजाम यांच्यामध्ये 'जैसे थे' करार झाला. त्या करारात असे एक कलम होते की, संस्थानातील अंतर्गत बंदोबस्तासाठी फौज पाठविण्याचे बंधन हिंदुस्थान सरकारावर राहणार नाही, आणि शांततेच्या काळात संस्थानात फौज ठेवण्याचा हक्कही त्यास राहणार नाही. सिकंदराबाद येथे इंग्रजी अमलापासून मोठी छावणी होती. तेथील हिंदी पलटणी त्याप्रमाणे १९४८ च्या आरंभी बाहेर पडल्या. कागदावर पाहता ही एक साधी घडामोड दिसते. करार झाला, फौज हलली. परंतु ज्या माणसांनी तिरंगा हाती घेऊन आपली तोंडे एकदा उजेडात आणली होती, त्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा होता. फौज गेली, आणि तोंडे मात्र ओळखीची होऊन बसली होती.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत काय घडले, हे आमच्या भागातील प्रत्येक जुन्या घराण्यास ठाऊक आहे. लातुरास वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून नगर, सोलापूर, वऱ्हाड या बाजूंस आश्रयास गेली. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण आमच्या शाळेतील भाषणांत ती राहून जात असे. भारतात सामील व्हावे असे म्हणणारे सगळे हिंदूच होते असे नव्हे. 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी सामिलीकरणाचा पुरस्कार केला, म्हणून १९४८ च्या ऑगस्टात हैदराबाद शहरात त्यांचा खून करण्यात आला. फौजा शिरण्यास तेव्हा महिनाही उरला नव्हता.

आता आमच्या घराविषयी. आमचे गाव आष्टी तालुक्यात, सीना नदीच्या अलीकडे. नदी ओलांडली की इंग्रजांच्या वेळेपासूनचा नगर जिल्हा लागे. आमच्या आजोबांकडे, म्हणजे आबांकडे, गावचे कुलकर्णीपण होते. मोगलाईत त्यास पटवारी म्हणत. दिवसा सरकारी दप्तर सांभाळावे आणि रात्री पलीकडच्या छावणीतील कार्यकर्त्यांस धान्य व बातमी पोहोचवावी, असा आबांचा त्या वर्षी दुहेरी संसार चालला होता. त्या कामी त्यांचे मुख्य साहाय्यक गावचे अत्तार होते.

अत्तार आठवड्याच्या बाजारांतून फिरत. कुंकू, बुक्का, उदबत्ती, हिंग, बायकांचे करदोटे, असा त्यांचा माल. मुसलमान असल्यामुळे नाक्यावर त्यांची झडती होत नसे. बुक्क्याच्या पुड्यांस गुंडाळलेल्या कागदांत आबांच्या चिठ्ठ्या असत, आणि त्या बिनबोभाट नदीपलीकडे जात. त्यांनी हे का केले, असे आम्ही लहानपणी आजीस विचारले होते. ती म्हणाली, "त्यांना विचारलं तर म्हणायचे, पंत, ह्या रझाकारांनी आमच्या धर्माला बट्टा लावला. बस्, एवढंच." पैशाचा संबंध नव्हता. आबांच्या हाताखाली त्या कामात आणखी पाच-सहा माणसे होती: एक कोळी, एक महार, दोघे मराठे शेतकरी. या सर्वांची नावे आबांनी एका कागदावर लिहून तो कागद एका जुन्या पोथीत ठेवला होता. दिवस पालटले की सरकारास कळवावयाचे, हा हेतू.

श्रावणात एके रात्री अत्तार मागील दाराने आले. दुसऱ्या दिवशी आबांस पकडावयास माणसे येणार होती. त्यांनी स्वतःच गाडी जुंपून आणली होती. आजीने आमच्या वडिलांस, म्हणजे अण्णांस, व धाकट्या आत्यास घोंगडीत गुंडाळले. निघताना आबांनी पोथीतील तो कागद काढला आणि चुलीतील निखाऱ्यावर धरला. तो रझाकारांच्या हाती पडता तर पाच-सहा घरांचा नाश होता. आबांनी योग्यच केले. नदीच्या उतारावर पोहोचल्यावर आजी म्हणाली, "भाई, तुम्हीही चला." अत्तार म्हणाले, "वहिनी, माझं दुकान आहे, थोरला भाऊ आजारी आहे. मी निघालो तर ते उलट समजतील. तुम्ही जा. मला कोण पुसतंय?"

आमचे कुटुंब पलीकडे गेले. अत्तार रिकामी गाडी घेऊन परत फिरले.

१७ सप्टेंबरास संस्थान पडले. त्या दिवशी छावणीत गुळ वाटला गेला, असे आजी सांगे. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांचा इतिहास आम्ही शाळेत कधीच सांगितला नाही. रझाकार पळाले अथवा पकडले गेले, आणि त्यांनी केलेल्या पापाचा सूड ज्यांनी ते केले नव्हते अशांवर उगविण्यात आला. याची चौकशी करण्यासाठी दिल्लीहून पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार प्रभृतींची समिती त्याच वर्षाअखेर येऊन गेली. तिने एकंदर मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पोळले, आणि त्यांच्या खालोखाल जी नावे समितीने घेतली त्यांत औरंगाबादबरोबर आमचा बीडही आहे. तो अहवाल कित्येक दशके दप्तरात बंद होता. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांस वाचविले, हेही त्याच समितीने लिहून ठेवले आहे.

आमच्या गावी बाहेरगावचा जमाव आला तो फौजा आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी. अत्तारांचे दुकान लुटून जाळले. त्यांचा आजारी थोरला भाऊ अंथरुणातच मारला गेला. अत्तार स्वतः एका माळ्याच्या मळ्यात उसात दडून राहिले, म्हणून वाचले. त्या माळ्यास त्यांच्या कामगिरीची काही माहिती नव्हती. शेजारधर्म म्हणून त्याने त्यांस भाकरी नेऊन दिली.

आबा गावी आले ते त्यानंतर. वाट सुरक्षित झाल्यावर यावे, असा शहाण्या माणसांचा सल्ला पडला होता. हा माणूस आमचा आहे, आमच्याकरिता याने मान सुळावर दिली होती, हे गावात एकट्या आबांस सांगता आले असते. ते गुपित होते. गुपित होते म्हणूनच अत्तार रझाकारांपासून वाचले, आणि गुपित राहिले म्हणूनच पुढे त्यांचे घर बुडाले. त्याची किल्ली ज्यांच्या हाती होती ते नदीपलीकडे वाट निवळण्याची वाट पाहात बसले होते. आजी आबांची निंदा करणारी स्त्री नव्हती. पण एवढे मात्र ती म्हणे, "स्वतः येता आलं नाही, ठीक. निरोप तरी धाडायचा होता."

आबा आल्यावर दोघे एकमेकांस भेटले, रडले. आबांनी दुकानासाठी काही रक्कम दिली; अत्तारांनी ती उसनी म्हणून घेतली आणि चार वर्षांत फेडली. घरी येणेजाणे पूर्ववत् चालू राहिले. आजी म्हणे, "तो कागद आता पुन्हा लिहा." आबा म्हणत, "लिहू. घाई काय आहे? आता सगळं आपलंच राज्य आहे." कागद काही लिहिला गेला नाही.

१९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढली, आणि १९८० साली तिचा विस्तार झाला. तुरुंगात गेलेल्यांपाशी तुरुंगाची नोंद असे. ज्यांनी भूमिगत राहून काम केले त्यांनी बरोबरच्या माणसाचा दाखला आणावयाचा असे. एके दुपारी अत्तारांचा मुलगा आमच्या घरी आला. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीस लागलो होतो आणि सुटीनिमित्त घरी होतो. त्यास पाण्याचा तांब्या आम्हीच नेऊन दिला. तो अण्णांस म्हणाला, "गुरुजी, अब्बांना पैशाचं काही नाही. पण चाचांचा खून झाला तेव्हा लोक म्हणाले, असतील हेही त्यांच्यातले. ते एकदा कागदावर पुसलं जावं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे." आबा त्या वेळी अंथरुणास खिळले होते. अण्णा म्हणाले, "त्यांना जरा बरं वाटू दे, मग ये. सही करून ठेवतो." यात दुष्टपणा तिळमात्र नव्हता. फक्त त्या दुपारी दौत-टाक कोणी पुढे आणला नाही. आम्हीही आणला नाही. पंधरा दिवसांनी आबा गेले. वर्षभराने अत्तारही गेले. दाखला तसाच राहिला.

आम्ही संस्कृत शिकलो, संस्कृत शिकविले. महाभारताच्या शेवटी धर्मराज हिमालय चढत जातो, भाऊ आणि द्रौपदी वाटेत गळून पडतात, आणि एक कुत्रे तेवढे अखेरपर्यंत मागे येते. इंद्र रथ घेऊन येतो व म्हणतो, कुत्रे सोड आणि स्वर्गास चल. धर्मराज नकार देतो. आपल्यावर विसंबून मागे आलेल्यास टाकणे हे पाप तो ब्रह्महत्येच्या तोलाचे मानतो. ही कथा आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! परंतु तिच्यातील एक बारकावा आम्हांस उशिरा उमगला. ते कुत्रे धर्मराजाने बोलाविले नव्हते. ते आपण होऊन मागे आले होते. तरीही त्याचे ओझे आपल्यावर आहे असे तो समजला. मग ज्यांस आपण हाक मारून बोलाविले, ज्यांच्या हाती चिठ्ठ्या दिल्या, त्यांच्याविषयीची जबाबदारी केवढी असेल!

हा प्रश्न केवळ आमच्या गावापुरता नाही. फौज परक्या मुलखात जाते तेव्हा तिला वाटाडे लागतात, दुभाषे लागतात, बातमी देणारे लागतात. ती फौज एक दिवस निघून जाते, आणि ही माणसे आपल्याच गावात परकी होऊन मागे राहतात.

१९६२ साली फ्रान्स अल्जेरियातून बाहेर पडला. फ्रेंच फौजेच्या बाजूने लढलेल्या तेथील मुसलमान शिपायांस हार्की म्हणत. त्यांस फ्रान्सात आणू नये असे वरून हुकूम सुटले. काही अधिकाऱ्यांनी ते हुकूम मोडून आपल्या माणसांस जहाजांवर चढविले. उरलेले मागे राहिले आणि हजारोंनी मारले गेले. जे पोहोचले त्यांस तारांच्या कुंपणाच्या छावण्यांत ठेवले. फ्रान्सच्या अध्यक्षांनी या लोकांची जाहीर क्षमा मागितली ती २०२१ साली, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. कोणी म्हणेल, हार्की परक्या सत्तेच्या बाजूने लढले, त्यांची बाजूच चुकीची होती. असेल. पण ज्याने त्यांस कामास लावले त्यास हे कारण पुढे करता येणार नाही.

परक्यांची उदाहरणे सोपी असतात, म्हणून आपलेही एक सांगतो. जुलै १९८७ च्या करारानुसार आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि मार्च १९९० मध्ये परत आली. आपले सुमारे बाराशे जवान तेथे कामी आले. त्या काळात ईशान्य प्रांताचा कारभार ज्या तमिळ पक्षाने आपल्या भरवशावर हाती घेतला, त्याचे लोक फौज निघताच वाघांच्या तावडीत सापडले. त्यांच्यासाठी जी तरुण मुले शिपाई म्हणून भरती केली होती, त्यांत कित्येक जबरीने ओढून आणलेली होती. त्यांतील पुष्कळ मारली गेली. मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ यांस आपण भारतात आणून आश्रय दिला, हे योग्यच झाले. पण त्याच पक्षाचे प्रमुख पद्मनाभ यांचा खून जून १९९० मध्ये आपल्याच मद्रास शहरात झाला. पुढाऱ्यांची ही गत, तर ज्या मुलांचे नावही कोणास ठाऊक नव्हते त्यांची काय झाली असेल!

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा विमानतळावरील गर्दी आम्ही दूरचित्रवाणीवर पाहिली. अमेरिकेने एक लाखावर माणसे विमानांनी बाहेर काढली. हे लहान काम नव्हे. तथापि अमेरिकन फौजेच्या अफगाण दुभाष्यांसाठी २००९ पासून जो खास परवाना होता, त्याच्या अर्जास एक कागद आवश्यक असे: ज्याच्या हाताखाली काम केले त्या अधिकाऱ्याचे शिफारसपत्र. अधिकारी बदलून गेलेला, कंत्राटदाराची कंपनी बंद पडलेली, आणि दुभाषा गावात लपून पत्राची वाट पाहतो आहे. हे वाचले त्या दिवशी आम्हांस आमच्या ओसरीवर तांब्यातील पाणी पिणारा अत्तारांचा मुलगा आठवला, आणि वर्तमानपत्र खाली ठेवावे लागले.

त्या दिवसांत आपले वर्तनही दुपेडी होते. आपल्या लष्करी प्रबोधिनींतून शिकलेल्या सुमारे ८० अफगाण छात्रांस परत जावयास जागा उरली नाही, तेव्हा २०२२ साली आपल्या सरकारने त्यांच्यासाठी वर्षभराचा इंग्रजीचा अभ्यासक्रम काढून त्यांस येथे ठेवून घेतले. यास आम्ही शेजारधर्म म्हणू. उलट २०२१ च्या ऑगस्टअखेर आपण अफगाणांस पूर्वी दिलेले व्हिसा एका हुकुमाने निरर्थक ठरविले, आणि महासाथीत घरी गेलेले आपल्याच विद्यापीठांचे अनेक विद्यार्थी तिकडे अडकून पडले. पुण्यास इतकी वर्षे अफगाण मुले शिकत आली. त्यांच्या शिक्षकांपैकी काहींस आमच्यासारखेच मान खाली घालावी लागली असेल.

यावर व्यवहारी वाचक म्हणतील की, मास्तर, राष्ट्र म्हणजे धर्मराज नव्हे. करार करावे लागतात, वेळ काढावा लागतो, सगळ्यांस जहाजात घेता येत नाही. हे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. १९४७ च्या नोव्हेंबरात काश्मीरचे युद्ध पेटले होते, फाळणीच्या निर्वासितांचे लोंढे येत होते. त्या स्थितीत हैदराबादेशी वर्षभराचा करार करणाऱ्यांनी केवळ भित्रेपणा केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. फौजेने माघारी येणे पुष्कळदा शहाणपणाचे असते. आबांचे नदीपलीकडे जाणेही शहाणपणाचेच होते. ते राहते तर आम्ही हे लिहावयास नसतो. आमचा आक्षेप निघून जाण्यावर नाही. निघून गेल्यावर आपले येणे-देणे संपले असे समजण्यावर आहे. सोबतीचे ऋण सोबत चालते तोवर जाणवतही नाही. ते वसुलीस येते निरोपाच्या दिवशी.

मग निदान काय करावे? राष्ट्राचे धोरण आखणारे आम्ही कोण? परंतु घरातील अनुभवावरून तीन गोष्टी आम्हांस कळल्या. पहिली, निघण्यापूर्वी "तुम्हीही चला" असे विचारावे, आणि नकार मिळाला तर कारण ऐकून घ्यावे. आजाऱ्यास सोडून येता येत नाही म्हणून माणूस नाही म्हणतो, त्यास आपली गरज नसते म्हणून नव्हे. दुसरी, त्यांची नावे नीट जपावी. भलत्याच्या हाती पडलेली यादी म्हणजे मृत्यूचे वॉरंट होय. २०२२ साली ब्रिटिश खात्याच्या गलथानपणामुळे त्यांच्याकडे आश्रय मागणाऱ्या हजारो अफगाणांची नावे फुटली, आणि ती गोष्ट २०२५ पर्यंत दडविली गेली. प्रसंगी यादी जाळावी, पण धोका टळताच ती पुन्हा लिहावी. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त असून तीच बहुधा राहून जाते: साक्ष द्यावी. 'हा मनुष्य आमच्या बाजूने उभा होता' हे वेळेवर, सहीनिशी, चारचौघांत सांगावे. त्यास तिजोरी लागत नाही, जहाज लागत नाही. आणि ती साक्ष दुसऱ्या कोणास देता येत नाही. ती निघून गेलेल्याच्याच हाती असते. राष्ट्राच्या बाबतीत हे काम एखाद्या कारकुनाच्या टेबलावर पडून राहते, आमच्या घरी ते अण्णांच्या टेबलावर पडून राहिले. 'जरा बरे वाटू दे' हे शब्द दोन्हीकडचे सारखेच.

सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही आजीकडून ऐकलेले सारे एका कागदावर लिहून काढले. पाच-सहांपैकी चार नावे आठवली, एक आमच्या आत्याने सांगितले. खाली सही केली, तारीख घातली, आणि बाजारच्या दिवशी अत्तारांच्या नातवाकडे गेलो. त्याचे बांगड्यांचे व शृंगारसामानाचे दुकान आहे. गिऱ्हाईक ओसरेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "गुरुजी, आता याचा काय उपयोग? अब्बाही गेले." आम्हांपाशी उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, "उपयोग नाही. उशीर आमच्याकडून झाला. तेवढे सांगावयास आलो." तो काही वेळ गप्प बसला. मग त्याने कागद घडी करून गल्ल्यात न ठेवता आतल्या खिशात ठेवला, आणि आम्हांस चहा सांगितला.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्याची परवानगी विचारली. तो म्हणाला, "मासिकात नाव छापू नका. गावात सांगा. गावालाच माहीत नव्हतं ना." म्हणून येथे नाव दिले नाही. गेल्या १७ सप्टेंबरास शाळेने आम्हांस पुन्हा बोलाविले होते. झेंड्याखाली उभे राहून आम्ही ती सगळी नावे, अत्तारांचे पहिले घेऊन, मुलांपुढे मोठ्याने वाचली. अत्तारांचा नातू मागे कुंपणापाशी सायकल धरून उभा होता. मुलांनी नेहमीप्रमाणे टाळ्या वाजविल्या. त्यांस त्यातले फारसे कळले नसावे. घरी येऊन पाय धुतले तेव्हा ओसरीवर विचारणारे कोणी नव्हते. तरी आम्ही त्या रिकाम्या ओसरीकडे पाहून, "घेतले हो," असे म्हणालो.